बारा विजय, मग आठ पराभव: रेकॉर्डमधल्या तारखा वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ व्यावसायिक एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती असं सगळं चालणारा लढतीचा खेळ) खेळतो. ओळीने सात लढती जिंकला आणि आता ओळीने तीन हरलाय. ओळखीचे लोक म्हणू लागलेत की याचा टोनी फर्ग्युसन झाला. बारा लढती सलग जिंकलेला माणूस पुढे आठ सलग हरतो तेव्हा नेमकं होतं काय? हिंमत सुटते, की आधीचे विजयच पोकळ असतात? आणि भावाने आता थांबावं का?

मी गेली अठरा वर्षं फायटरच्या कोपऱ्यात उभा राहतो. स्टूल ठेवायचं, बर्फ लावायचा, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि वेळ आली तर लढत थांबवायची, हे माझं काम. एवढ्या वर्षांत एक सवय लागली आहे. कुणाचंही रेकॉर्ड हातात आलं की सगळे आधी जिंकला-हरला बघतात, मी आधी तारखा बघतो. लढत पंधरा मिनिटांची असते, किताबाची असली तर पंचवीस. माणूस घडतो किंवा खचतो तो दोन लढतींच्या मधल्या महिन्यांत, आणि त्या महिन्यांबद्दल रेकॉर्डमध्ये एक अक्षर नसतं.

फर्ग्युसनचंच घेऊ, कारण त्याचं नाव निघालंय. 2011 साली टीव्हीवरची स्पर्धा जिंकून तो यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संघटनेत, आला. 2012 मध्ये एक लढत हरला, त्यात हातही मोडला. मग ऑक्टोबर 2013 ते जून 2019 या काळात बारा लढती, बाराही जिंकल्या. लाइटवेट म्हणजे 155 पौंड, साधारण 70.3 किलो. सगळ्यात गर्दीचा, सगळ्यात कडवा गट. तिथे बारा सलग विजय योगायोगाने मिळत नाहीत. म्हणजे पोकळ विजयांचा मुद्दा इथेच निकालात काढा.

आता त्या बारांच्या मधल्या फटी बघा. याच गटातल्या खबीब नुरमागोमेदोवशी त्याची लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. 2015 मध्ये खबीबची बरगडी. 2016 मध्ये फर्ग्युसनच्या फुप्फुसाचा त्रास. 2017 मध्ये वजन उतरवताना खबीब रुग्णालयात. एप्रिल 2018 मध्ये प्रसिद्धीच्या कार्यक्रमात जमिनीवरच्या केबलमध्ये पाय अडकून फर्ग्युसनच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, लढतीला आठवडाभर उरला असताना. ज्याला बारा जणांना पाडता आलं नाही, त्याला एका वायरने पाडलं. हंगामी बेल्ट, म्हणजे तात्पुरतं विजेतेपद, होता तोही गेला. सहा महिन्यांत तो परत केजमध्ये, म्हणजे लढतीच्या जाळीत, उतरला आणि अँथनी पेटिसविरुद्ध जिंकला. लोकांनी वाहवा केली. मला त्या वाहवेत धोक्याची घंटा ऐकू आली होती, पण तेव्हा बोललो असतो तर वेड्यात काढलं असतं. पाचवी वेळ एप्रिल 2020 ची. महामारीमुळे खबीब रशियात अडकला, त्याच्या जागी जस्टिन गेची ठरला, आणि मग अख्खा कार्यक्रमच रद्द झाला.

इथून पुढचं जरा सावकाश वाचा. कार्यक्रम रद्द झालेला, समोर प्रतिस्पर्धी नाही, तरी 17 एप्रिलला फर्ग्युसनने वजन उतरवलं, काट्यावर उभा राहिला आणि 155 दाखवलं. शब्द दिला होता, तो पाळला, असा त्याचा बाणा. तीन आठवड्यांनी, 8 मे रोजी, त्याने तेच पुन्हा केलं, कारण लढत 9 मेला नव्याने ठरली. त्या रात्री गेचीने त्याला पाच राउंड झोडपलं. दुसऱ्या राउंडच्या शेवटी फर्ग्युसनने अप्परकटने गेचीला खाली बसवलं होतं, हे विसरू नका. कसब कुठे गेलं नव्हतं. पण बाकीचा सगळा वेळ गेचीचे ठोसे सरळ तोंडावर उतरत होते आणि हा खाली पडायलाच तयार नव्हता. पाचव्या राउंडमध्ये रेफरी हर्ब डीनने थांबवलं तेव्हा डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं होतं. वय 36.

तीन आठवड्यांत दोनदा वजन उतरवणं म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. लोकांना वाटतं, उपाशी राहायचं. उपाशी राहून चरबी जाते, ती आठ-दहा आठवड्यांची गोष्ट. शेवटच्या दोन-तीन दिवसांत जातं ते निव्वळ पाणी. आधी भरपूर प्यायचं म्हणजे शरीराला बाहेर टाकायची सवय लागते, मग एकदम बंद करायचं. मीठ बंद. मग गरम पाण्याचा टब, त्यातून निघालं की टॉवेल गुंडाळून पडून राहायचं, पुन्हा टब.

माझ्या एका पोराची एक रात्र सांगतो. 900 ग्रॅम बाकी होते. टबमध्ये दहा मिनिटं, बाहेर दहा मिनिटं, असे चार फेरे झालेले. मी जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने त्याच्या पाठीवरचा घाम खरवडत होतो, कारण घाम अंगावरच राहिला तर पुढचा सुटत नाही. पाचव्या फेऱ्यात घाम यायचाच बंद झाला. कातडी कोरडी, तापलेली. तो कपात थुंकत होता, तेवढेच चार थेंब कमी. त्याने मला विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाच मी त्याला पाणी पाजायला हवं होतं आणि आयोजकांना फोन करायला हवा होता. केला नाही. सकाळी काट्यावर बरोबर बसला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी रात्री, रोज सरावात हसत हसत खातो तसल्या एका साध्या ठोशाने दुसऱ्या राउंडमध्ये आडवा झाला. रेकॉर्डमध्ये लिहिलंय, नॉकआउटने पराभव. तिथे माझं नाव लिहायला हवं.

रात्रभरात पाच-सहा किलो परत येतात, गाल भरतात, माणूस ठणठणीत दिसतो. पण काट्यावर वजन परत आलं म्हणजे डोक्याभोवतीचं पाणी परत आलं असं नाही, ही गोष्ट आमच्यातले डॉक्टर घसा फोडून सांगतात. डिसेंबर 2015 मध्ये यांग जियान बिंग हा 21 वर्षांचा फ्लायवेट वन चॅम्पियनशिपच्या लढतीआधी वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या संघटनेने पाणी आटवून वजन गाठायला बंदी घातली आणि वजनाबरोबर लघवीची तपासणीही सुरू केली. बाकी बहुतेक ठिकाणी टब अजून भरलेलेच असतात.

परत फर्ग्युसनकडे. गेचीनंतर सात महिन्यांनी, डिसेंबर 2020 मध्ये, चार्ल्स ऑलिव्हेराशी लढत. पहिल्या राउंडच्या शेवटी ऑलिव्हेराने आर्मबार लावला, कोपर उलट्या बाजूला वाकलेलं अख्ख्या जगाने पाहिलं, याने टॅप केलं नाही, म्हणजे हात थोपटून हार मानली नाही, घंटा झाली म्हणून सुटला. मोठं धैर्य, असं सगळे म्हणाले. मला विचाराल तर त्या वेळी टॅप करणारा फायटर पुढे जास्त वर्षं खेळतो. कोपराचं दुखणं घेऊन माणूस पुढच्या तयारीला उतरतो, मग तो डाव्या हाताने जॅब (सरळ ठोसा) टाकत नाही, मग त्याला टेकडाउन (खाली पाडायचा डाव) अडवता येत नाही, आणि आपण बाहेर बसून म्हणतो, याची भूक गेली.

मे 2021, बेनील दरियुशने तीन राउंड खाली दाबून ठेवलं आणि टाच पिरगाळून पायाची वाट लावली. मे 2022, मायकेल चँडलरची लाथ थेट हनुवटीखाली, दुसऱ्या राउंडच्या 17 व्या सेकंदाला. पहिल्या राउंडमध्ये फर्ग्युसन बरा चालला होता, म्हणून तो धक्का जास्त बसला. तोपर्यंत त्याला असं बेशुद्ध कुणी पाडलं नव्हतं. आणि मग फक्त चार महिने. सप्टेंबर 2022 मध्ये त्याची लढत ली जिंगलियांगशी ठरली होती, 170 पौंडांवर. आदल्या दिवशी खामझात चिमायेव साडेसात पौंड जास्त भरला, सगळ्या जोड्या फिरवल्या गेल्या, आणि फर्ग्युसनला एका दिवसाच्या नोटिशीवर नेट डियाझसमोर मुख्य लढतीत उभं केलं. चौथ्या राउंडमध्ये गिलोटिन, म्हणजे गळा आवळणारी पकड, आणि हार. पुढे बॉबी ग्रीन, पॅडी पिम्ब्लेट, आणि ऑगस्ट 2024 मध्ये मायकेल किएसा. आठ झाले. यूएफसीत इतके सलग पराभव त्याआधी कुणाच्या नावावर नव्हते.

हे आठ एकाच मापाने मोजू नका, ही माझी खरी विनंती आहे. पहिले चार त्या काळातल्या अव्वल लोकांकडून. पाचवा एका दिवसाच्या तयारीवर. शेवटचे तीन मात्र वयाच्या उताराचे, त्यात मला शंका नाही. पण तो उतार मे 2020 च्या रात्री सुरू झाला, 2023 मध्ये फक्त नजरेला आला.

हनुवटीबद्दल दोन शब्द, कारण त्यावर फार खुळचट समजुती आहेत. हनुवटी दणकट असते म्हणजे मार पचतो, असं नसतं. तो जमा होतो. कधीतरी एक दिवस खातं भरतं आणि त्यानंतर हलका ठोसाही माणसाला बसवतो. यातला मोठा हिस्सा केजमध्ये खाल्लेला नसतोच, जिममध्ये खाल्लेला असतो. वर्षाला तीन लढती खेळणारा पोरगा वर्षात शंभर दिवस स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करत असेल, तर हिशेब तुम्हीच लावा. आमच्या पिढीत रोज रक्त काढणारं स्पारिंग म्हणजे मर्दुमकी होती. आता मॅक्स हॉलोवेसारखा माणूस उघड सांगतो की 2020 मध्ये व्होल्कानोव्स्कीशी दुसऱ्यांदा लढताना त्याने तयारीत स्पारिंग केलंच नाही. ती लढत इतकी अटीतटीची झाली की कितीतरी लोकांच्या मते तोच जिंकला होता. मी अजून पूर्ण बंद करण्याच्या बाजूचा नाही, अंतराचा अंदाज स्पारिंगशिवाय येत नाही. पण आठवड्यातून एकदा, आणि डोक्यावर जोर नाही.

नॉकआउटनंतर लढतींवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे डॉक्टर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वैद्यकीय बंदी घालतात. ती लढतीवर असते. त्या काळात जिममध्ये जाऊन कुणी ठोसे खातोय का, हे बघायला कुणी येत नाही.

मग हे लोक विश्रांती का घेत नाहीत? पैसा. बऱ्याच वर्षांपर्यंत यूएफसीत नवख्याचा करार दहा हजार डॉलर हजेरीचे आणि दहा हजार जिंकल्यास, असा असायचा. लहान संघटनांत याच्या कितीतरी खाली. त्यातून प्रशिक्षक, मॅनेजर, तपासण्या, फिजिओ, कर. तीन पंचांपैकी एकाने एक राउंड इकडचा तिकडे दिला की वर्षाची अर्धी कमाई गेली. लढला नाही तर शून्य. म्हणून 'दोन आठवड्यांत येशील का?' असा फोन आला की दुखऱ्या खांद्याचा माणूसही होच म्हणतो. फायटरांनी यूएफसीवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात 37.5 कोटी डॉलरची तडजोड झाली, फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली. पण ते पैसे 2010 ते 2017 दरम्यान खेळलेल्यांचे. आज हरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आता उलट्या दिशेने गेलेले बघा, म्हणजे तुमच्या भावाबद्दल बोलायला सोपं जाईल.

ज्या ऑलिव्हेराने फर्ग्युसनचा हात वाकवला, तो 2010 मध्ये विशीत यूएफसीत आला आणि 2017 संपेपर्यंत तिथे आठ वेळा हरला. लोक म्हणायचे, कसब आहे पण काळीज नाही, मार पडला की गळपटतो. मधली बरीच वर्षं तो 145 पौंडांच्या गटात खेळत होता आणि ते वजन त्याला झेपत नव्हतं, अनेकदा काट्यावरच चुकला. 155 ला कायमचा गेला, आणि 2018 पासून अकरा सलग जिंकला. मे 2021 मध्ये चँडलरला हरवून विजेता झाला. गंमत म्हणजे त्याच रात्री, त्याच कार्यक्रमात, दरियुश फर्ग्युसनचा पाय पिरगाळत होता. वर्षभराने ऑलिव्हेरा किताबाच्या लढतीआधी अर्धा पौंड जास्त भरला, बेल्ट काट्यावरच गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने गेचीला पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळून हरवलं. अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, एक पेला पाणी. ज्याला काळीज नाही म्हणायचे, तो बेल्ट हातचा गेलेला असताना तसा लढला. काळीज तेच होतं, गट बदलला होता.

मार्क हंटची गोष्ट तर मी माझ्या पोरांना तोंडपाठ करायला लावतो. के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेचा 2001 चा विजेता, ठोसा असा की भिंत पडावी. एमएमएत मात्र 2006 ते 2010 ओळीने सहा हरला, आणि त्यातले बहुतेक सबमिशनने, म्हणजे पकडीत अडकून. यूएफसीला तो नकोच होता. प्राइड ही जपानी संघटना विकत घेतल्यामुळे करार गळ्यात आला होता. पैसे घे आणि लढू नकोस, असं सुचवल्याचं तो स्वतः सांगतो. त्याने लढणंच मागितलं, आणि पहिली लढत मिनिटभरात हरला. त्यानंतर ओळीने चार जिंकला, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये चाळिशीत हंगामी किताबासाठी वेर्दुमसमोर उभा राहिला. काय बदललं? तो जमिनीवरून उठायला शिकला. एवढंच. सहापैकी बहुतेक पराभवांचं कारण एकच होतं, आणि ते शिकवता येण्याजोगं होतं.

आंद्रेई आर्लोव्स्की दोन्हीकडे बसतो. 2009 ते 2011 ओळीने चार हरला, त्यातले तीन नॉकआउट. आधी फेदोरकडून, मग 22 सेकंदांत ब्रेट रॉजर्सकडून, असं. मी तेव्हा म्हटलं होतं, याने उद्याच सोडावं. 2014 मध्ये तो यूएफसीत परतला, ओळीने चार जिंकला आणि मला तोंडघशी पाडलं. मग 2016 पासून पाच सलग हार. त्यानंतरही बरीच वर्षं खेळत राहिला. नियम म्हणून काही सांगायला गेलं की असा एखादा समोर येतो.

जॉन जोन्सचं नाव मुद्दाम शेवटी, कारण लोक वादळी कारकीर्द म्हटलं की त्याच्याकडेच बोट दाखवतात. मार्च 2011 मध्ये 23 व्या वर्षी विजेता, आणि आयुष्यात एकमेव हार, तीही 2009 मध्ये वरून खाली कोपर मारल्याबद्दल अपात्र ठरवून. तो नियमच नोव्हेंबर 2024 पासून काढून टाकला! पण 2015 मध्ये गाडीची धडक देऊन पळाल्यामुळे बेल्ट गेला, 2016 मध्ये उत्तेजक चाचणीत सापडला, 2017 मध्ये कॉर्मिएवरचा विजय तशाच कारणाने पुसला गेला. केजमध्ये त्याला कुणी हरवलं नाही, केजबाहेर तो स्वतःच हरत राहिला. तुमच्या भावाला त्याच्याकडून शिकण्यासारखं काही नाही, सोडून द्या.

आता तुमच्या घरातला प्रश्न. भावाच्या तिन्ही पराभवांच्या तारखा एका कागदावर लिहा. समोर तीन गोष्टी: आधीच्या लढतीपासून किती आठवडे, शेवटच्या तीन दिवसांत किती किलो पाणी काढलं, आणि कसा हरला. गुणांवर हरला असेल किंवा एकाच प्रकारच्या पकडीत दोनदा अडकला असेल, तर तो मार्क हंटच्या रस्त्यावर आहे. प्रशिक्षक बदलून किंवा सहा महिने जमिनीवरचं काम करून सुटेल. वजन आठ-दहा टक्क्यांच्या पुढे उतरवत असेल, तर वरच्या गटात जा, मग बाकीचं बोलू. उंचीने कमी पडेल म्हणून घाबरेल, घाबरू द्या.

पण तिन्हीपैकी दोन नॉकआउट असतील, आणि दुसरा पहिल्यापेक्षा हलक्या ठोशावर आला असेल, तर थांबवा. कायमचं आहे की वर्षभराचं, ते मेंदूचा डॉक्टर ठरवेल, प्रशिक्षक नव्हे, आणि मी तर नव्हेच. घरच्यांना जिमवाल्यांच्या आधी खुणा दिसतात: तेच वाक्य पुन्हा बोलणं, उजेडाचा त्रास, कारण नसताना चिडणं, झोप उडणं. त्याला थेट विचारलंत तर तो नाहीच म्हणेल, सगळेच म्हणतात. त्याच्या सरावातल्या जोडीदाराला एकट्याला गाठून विचारा: हल्ली हा किती वेळा डुलतो?

तुम्ही पहिल्या आणि तिसऱ्या लढतीबद्दल सविस्तर लिहिलंत. दुसरी कशी हरला, ते लिहिलेलं नाही.